‘टाइम-आऊट’चा हक्क कोणाचा?

युरोपात नवी लीग उभारण्याचा विचार ‘एनबीए’ आणि ‘फिबा’ यांनी मार्च २०२५ मध्ये संयुक्तपणे जाहीर केल्याने दोन नियमावल्यांतील भेद पुन्हा समोर आला आहे.

‘फिबा’च्या नियमांनुसार संघाला पूर्वार्धात २ व उत्तरार्धात ३ ‘टाइम-आऊट’ मिळतात. प्रत्येक एक मिनिटाचा. मागणीचा अधिकार फक्त प्रशिक्षक वा त्याच्या प्रथम साहाय्यकाला. ‘एनबीए’मध्ये २०१७ पासून संघाला ७ ‘टाइम-आऊट’ आहेत. त्यापूर्वी ९ होते. प्रत्येक ७५ सेकंदांचा असून दूरचित्रवाणीसाठीचे सक्तीचे विरामही संघाच्याच खात्यातून वजा होतात.

खरा भेद संख्येचा नव्हे, अधिकाराचा आहे. अमेरिकेत मैदानावरील खेळाडूही खेळ थांबवू शकतो. १९९३ च्या महाविद्यालयीन अंतिम सामन्यात मिशिगन २ गुणांनी मागे असताना, ११ सेकंद उरले असता ख्रिस वेबरने ‘टाइम-आऊट’ मागितला. तो शिल्लकच नव्हता. ‘टेक्निकल फाऊल’ झाला आणि नॉर्थ कॅरोलिना ७७-७१ असे जिंकले. ‘फिबा’च्या नियमांत खेळाडूकडून ही चूक संभवतच नाही, मात्र ऐन संकटात निर्णय घेण्याचे स्वातंत्र्यही त्याला उरत नाही.