टांझानाइट : रंगाचा भाव कारागिरालाही मिळावा

माणिक, पाचू, नीलम ही नावे गिऱ्हाइकाला ठाऊक असतात. टांझानाइटचे तसे नाही. १९६७ साली उजेडात आलेला हा खडा टांझानियात, किलिमांजारोजवळच्या मेरेलानी टेकड्यांतच निघतो. आपल्याकडे जयपूरचे कारागीर त्याला पैलू पाडतात.

याचा भाव रंगावर ठरतो. गडद निळा, जांभळट झाकेचा खडा महाग, फिका स्वस्त. खाणीतला बहुतेक माल तपकिरी असतो. भट्टीत सुमारे ५००-६०० अंशांवर तापवला की तपकिरी छटा जाऊन निळा-जांभळा रंग उरतो. हा रंग टिकतो, म्हणून व्यापारात तो मान्य आहे. तरीही विकताना तसे सांगावे. २००८ साली कोबाल्टचा पातळ थर दिलेले खडे बाजारात आढळले. असा थर घासून जातो. तो लपवून माल विकणे ही सरळ फसवणूक होय.

खरी कसोटी पैलू पाडताना लागते. एकच खडा एका बाजूने निळा, दुसऱ्या बाजूने जांभळा दिसतो. निळा रंग वर आणायचा तर बहुधा वजन अधिक घटते, पण कॅरेटमागे भाव वाढतो. मजुरी नुसत्या वजनावर दिली तर कारागीर वजनच वाचवणार आणि रंग जाणार!

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे एवढेच की, मजुरी ठरवताना रंगही धरा. कारागीर बांधवांनीही कच्चा खडा सर्व बाजूंनी उजेडात फिरवून पाहिल्याशिवाय घासायला घेऊ नये. एकदा गेलेला रंग पुन्हा येत नाही.