चिनी अक्षरांच्या मयताला आम्ही रडणार नाही

कोरियात चिनी अक्षरं मरायला टेकलीत म्हणून तिथले जुने विद्वान गळा काढतात. हांजा म्हणतात त्या अक्षरांना. शेकडो वर्षं राज्यकारभार, कायदा, परीक्षा, पोथी सगळं त्यांच्यातच. आज सोलचा पेपर उघडा. मथळ्यात अमेरिकेसाठी एक अक्षर, चीनसाठी एक. बास. बाकी सगळं हांगुल, कोरियाची स्वतःची लिपी.

संस्कृती गेली, असं हे विद्वान म्हणतात. कुणाची गेली, ते आधी सांगा.

राजा सेजोंगनं १४४३ साली हांगुल बनवली, १४४६ साली जाहीर केली. अक्षरं २८. हुशार माणूस एका सकाळीत शिकेल, मठ्ठ दहा दिवसांत, असं त्याच्याच माणसांनी लिहून ठेवलंय. हांजा मात्र हजारांनी घोकायची. घोकायला वेळ लागतो. आणि वेळ म्हणजे काय, दोस्तहो? दुसऱ्यानं नांगरलेलं शेत. ज्यांच्या शेतात गुलाम राबत होते त्या यांगबान सरदारांची पोरं वर्षानुवर्षं घोकत बसली, परीक्षा पास झाली, अंमलदार झाली. राबणाऱ्याचं पोर राबतच राहिलं.

१४४४ साली चोई मान-री नावाच्या दरबारी पंडितानं राजाला अर्ज केला. चीनपासून वेगळी लिपी धरली तर आपण रानटी ठरू, असा त्याचा युक्तिवाद. पंडितांनी हांगुलला नावं ठेवली : गावंढळ लिपी, बायकांची अक्षरं. १५०४ साली राजा योनसानविरुद्ध याच गावंढळ लिपीत पत्रकं लागली. राजानं लिपीवरच बंदी घातली. पंडितांना जे कळलं नाही ते त्या जुलमी राजाला बरोबर कळलं होतं. जी लिपी सगळ्यांना येते ती राजाला बोचते.

लिपी दिली राजानं, खरं आहे. पण साडेचारशे वर्षं ती जगवली कुणी? घरात कोंडलेल्या बायकांनी पत्रं लिहून, साध्या माणसांनी गोष्टी वाचून. दरबारानं नाही.

आता बेकजोंगांचं ऐका. जनावरं कापणारे, कातडी कमावणारे. वस्ती गावापासून अलग. नावात करुणा, सदाचार, निष्ठा अशा अर्थाची हांजा घालायची त्यांना मनाई. म्हणजे अक्षरालाही विटाळ! १८९४ साली कायद्यानं हा भेद गेला, गुलामी गेली, हांजाची ती जुनी परीक्षा गेली, आणि त्याच साली हांगुल सरकारी कागदावर आली. हे सगळं एकाच साली झालं, हा काय योगायोग समजायचा? पण नोंदवही सुटली नाही. जपानी अमलातही बेकजोंगाच्या नावापुढं लाल ठिपका, नाहीतर कसाई अर्थाची हांजा. पोराचं नाव शाळेत घालताना ती नोंदवहीच दाखवायची. १९२३ साली जिंजू गावात त्यांनी संघटना काढली, ह्योंगप्योंगसा. अर्थ, समान तराजूची सभा. कसायाचाच तराजू त्यांनी समाजापुढं धरला.

ओळखीचं वाटतं ना?

१९४८ साली दक्षिण कोरियानं कायदा केला : सरकारी कागद हांगुलमध्ये. पण तूर्तास कंसात हांजा चालेल, अशी पळवाट ठेवली. तूर्तास किती लांबलं, ते चॉन ते-इलला विचारा. सोलच्या कपडाबाजारात तो कापड बेतायचा. बुटक्या माळ्यावर कोवळ्या पोरी १४-१४ तास शिवणयंत्रावर. १९५३ सालचा कामगार कायदा आपल्या बाजूनं आहे, असं त्याला कळलं. त्यानं पुस्तक मिळवलं, तर पानोपान हांजा! वाचता येईना. कॉलेजात शिकणारा एक तरी मित्र असता, असं तो म्हणायचा. कायदा कामगाराचा, पण कामगाराला न वाचता येणारा. १३ नोव्हेंबर १९७० रोजी त्यानं तो कायदा हातात घेऊन स्वतःला पेटवलं. वय २२.

आणि १९७० हेच ते साल, ज्या सालापासून हुकूमशहा पार्क चुंग-हीनं सरकारी कामात फक्त हांगुल असा हुकूम लागू केला. अक्षर सोपं केलं, पण न्याय दिला नाही. हे विसरू नका.

विद्वान म्हणतात, हांजा नसली तर सारख्या उच्चाराचे शब्द कळणार नाहीत. अहो, बाजारात माणसं बोलतात तेव्हा कपाळावर हांजा लावून बोलतात का? म्हणतात, इतिहास तुटला. जोसन राजघराण्याची सगळी बखर चिनी लिखाणात होती. १९९३ साली तिचं भाषांतर पुरं झालं, ४१३ खंड. इतिहास तुटला नाही, वाटला गेला. वाटा द्यावा लागला, हेच त्यांचं दुखणं. २०१२ साली काही जण हांजासाठी घटना न्यायालयात गेले. २०१६ साली न्यायालयानं सांगितलं, सरकारी कागद हांगुलमध्येच, हे घटनेला धरून आहे.

तरी नाचू नका. १९८८ साली लोकांच्या वर्गणीतून हानक्योरे हा पेपर निघाला, पहिल्या अंकापासून हांजाशिवाय. ते खरं पाऊल. पण कायद्यातले जड चिनी शब्द हांगुलमध्ये लिहिले म्हणून सोपे होत नाहीत. आणि हांजा उठली त्या खुर्चीवर आता इंग्रजी बसलीय. तिथं नोकरीला तिचे मार्क मागतात. दार तेच, रखवालदार बदलला.

आमचं भांडण अक्षराशी नाही. ज्याला हौस आहे त्यानं खुशाल हांजा शिकावी, चित्रासारखी काढावी, भिंतीवर टांगावी. पण माझा पगार, माझी पाळी, माझा जामीन ज्या कागदावर आहे, तो मला वाचता आला पाहिजे. नाही आला, तर तो कागद नव्हे, कुलूप आहे.

आणि कुलूप तुटलं म्हणून रडणारा माणूस आतला असतो, बाहेरचा नाही.