निष्काळजी कोण?

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसीकोपरी गावात पोलिओच्या डोसाऐवजी बारा बालकांच्या तोंडात सॅनिटायझर गेलं. मुलं बचावली. बोट मात्र लगेच कर्मचाऱ्यांकडे वळलं. लसीच्या टेबलावर चूक होणारच नाही अशी व्यवस्था करून देणं कोणाचं काम होतं?

आशा, अंगणवाडी सेविका, रुग्णालयातल्या आया, घरकामगार. अल्कोहोलमिश्रित सॅनिटायझर आणि सफाईची द्रावणं रोज हाताळणाऱ्या या बायकाच. सूचना बहुधा बारीक इंग्रजीत. प्रशिक्षण नाही, हातमोजे नाहीत. अपघात झाला की मात्र ‘बाई निष्काळजी’!

मैत्रिणींनो, हे ज्ञान आपलं आहे, ते आपण घेऊ या. या द्रावणाची वाफही पेट घेते. ज्योत फिकट निळी, उन्हात दिसतही नाही. म्हणून चुलीजवळ, देवघरात वापरू नका. पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. टूथपेस्ट, शाई नको. मूल प्यायलं तर उलटी करवू नका. त्याच्या रक्तातली साखर घसरू शकते. १०८ला फोन करा, बाटली सोबत न्या.

पण काळजी घेण्याचं ओझं पुन्हा एकट्या बाईवर नको. मराठीत ठळक सूचना, कामाच्या वेळेत प्रशिक्षण आणि अपघात झाल्यास उपचाराचा खर्च हे मालकानं आणि सरकारनं द्यायलाच हवं. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं ही मागणी लेखी नोंदवावी.