दादी चौकटीत मावली पाहिजे

महाळुंग्यात आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत धाकटीची मंगनी झाली. जुन्या कॅननची १८-५५ लेन्स विकून आम्ही हौसेने ५० मिमी, एफ १.८ घेतली होती. स्वस्त, हलकी, कमी उजेडातही फोटो छान. पण आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान; त्यावर ५० ची लेन्स १.६ पट, म्हणजे ८० मिमीसारखी जवळचे दाखवते. भिंतीला पाठ टेकली, तरी मुलीशेजारची दादी चौकटीत मावेना. आज दादी नाही, फोटोही नाही.

म्हणून सांगतो, १८-५५ विकू नका. ती आधी २४ वर, मग ३५ वर, मग ५० वर ठेवून आपल्याच खोलीत पाहा. ज्या आकड्यावर सगळे घर मावेल, तीच लेन्स घ्या.