फेकून दिलेल्या पाकटाची नोंद कोण ठेवणार?

बुलढाणा जिल्ह्यात पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. घाटाखाली, मलकापूर-शेगावच्या बाजूचे पाणी पूर्णेत उतरते, पूर्णा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. घाटावर उगम पावणारी पैनगंगा मात्र पूर्वेची वाट धरते. वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी मजल मारत तिचे पाणी बंगालच्या उपसागरात पोचते. जिल्ह्याचे स्वतःचे खारे पाणी म्हणजे लोणारचे सरोवर. समुद्राशी रोजचा संबंध म्हणाल, तर आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबलांपुरता.

अशा जिल्ह्याने खोल समुद्रातल्या एका पाकटाची फिकीर का करावी? याचे उत्तर कायद्यात आहे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. त्यापुढे 200 सागरी मैलांपर्यंतचा कारभार केंद्राचा, म्हणजेच रत्नागिरीच्या मतदाराइतकाच बुलढाण्याच्या मतदाराचाही.

पाकट म्हटले की किनाऱ्यावरच्या माणसाला वाळूत अंग पुरून बसलेला, वरून मातकट आणि खालून पांढरा चपटा मासा आठवतो. जांभळा पाकट त्याच्याच कुळातला, पण त्याने घराण्याची रीत सोडली आहे. त्याचे शास्त्रीय नाव टेरोप्लॅटिट्रायगॉन व्हायोलेसिया. नेपोलियनचा पुतण्या असलेल्या शार्ल ल्युसियाँ बोनापार्त या निसर्गशास्त्रज्ञाने 1832 मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच्या कुळातले बाकीचे पाकट तळ धरून जगतात. हा एकटाच आयुष्यभर भर समुद्रात, बहुधा वरच्या 100 मीटर पाण्यात पोहत राहतो. अटलांटिक, प्रशांत आणि हिंदी महासागरांच्या उबदार भागांत तो सगळीकडे सापडतो. पाणी 19 अंश सेल्सिअसहून उबदार असले की त्याला मानवते.

या राहणीचा ठसा त्याच्या अंगावर आहे. तळावरच्या पाकटांचे डोळे टेंगळासारखे वर आलेले असतात, याचे डोळे अंगाच्या पातळीतच बसवलेले. तळावरचे पाकट अंगाच्या कडांना लाटा देत सरकतात, हा मात्र पंख वरखाली हलवत पोहतो. पोटाची बाजूही पाठीसारखीच गडद, कारण याला वाळूला पोट टेकवायचेच नाही. इतर पाकटांत टोकदार दात सहसा विणीच्या काळातल्या नरांना येतात. इथे नर-मादी दोघांचेही दात टोकदार असतात, कारण खाणे म्हणजे निसटती माकुळे, छोटे मासे, कोळंबीसारखे जीव आणि बुळबुळीत जेलीफिश. समोरच्या पंखांनी भक्ष्य कवटाळून तोंडाकडे ढकलायचे, ही त्याची शिकारीची पद्धत.

वीण त्याहून नवलाची. मादी अंडी बाहेर टाकत नाही. पिल्ले पोटातच वाढतात; आधी अंड्यातल्या बलकावर आणि तो संपला की गर्भाशयाच्या अस्तरातून पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर. गर्भारपण अवघे दोन ते चार महिन्यांचे, एका वेळी साधारण चार ते तेरा पिल्ले. नर दोनेक वर्षांत, मादी तीनेक वर्षांत वयात येते आणि आयुष्य दहा-बारा वर्षांचे. याच्या दूरच्या नात्यातल्या मांटा पाकटाची मादी वर्षभर गर्भ सांभाळून एकच पिल्लू देते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत जांभळा पाकट सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहे, त्यामागे जगभर पसरलेल्या वस्तीबरोबर ही झपाट्याची वीणही आहे.

चिंता नाही, तर मग लेख कशाला? कारण हा मासा नेमका कुठे मरतो, हे पाहिले की आपल्या मासेमारीची हिशेबाची वही कोरी असल्याचे दिसते.

कुपा (ट्यूना) आणि तलवार मासा पकडण्यासाठी मैलोगणती लांब दोरी सोडतात. तिला शेकडो गळ लटकवलेले असतात. या लाँगलाइनच्या आमिषावर जांभळा पाकट हमखास येतो. दोरी वर ओढली की तो शेपटी फटकारतच कठड्याशी येतो. शेपटीवर करवती कडांचा विषारी काटा. तो लागून आणि नंतर धनुर्वात होऊन खलाशी दगावल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. त्यामुळे हात न लावता पाकट कठड्यावर आपटायचा, गळ हिसकून काढायचा आणि मासा पाण्यात ढकलायचा, ही अनेक बोटींवरची रीत. त्यात बऱ्याचदा जबडाच फाटतो. बाजारात भाव नाही, म्हणून तो बंदरावर येत नाही. आपल्याकडे मासळीचे अंदाज मुख्यतः बंदरावर उतरलेल्या मालावर बेततात. समुद्रातच फेकलेला मासा त्या अंदाजात येणार कुठून?

आता हा प्रश्न लहान राहणार नाही. केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे 200 सागरी मैलांपर्यंतच्या त्याच पट्ट्यातल्या, मासेमारीचे नवे नियम काढले. मच्छीमार सहकारी संस्थांना खोल समुद्रात, विशेषतः कुप्याच्या मासेमारीत उतरवण्याचा त्यांचा रोख आहे. धोरण योग्यच आहे. किनाऱ्यालगतची गर्दी कमी व्हायलाच हवी. पण गळ वाढले की पाकटही वाढीव संख्येने अडकणार. त्याच दोरीवर मुशीही (शार्क) येतात, आणि त्यांची वीण इतकी उदार नाही. जगातल्या मुशी-पाकटांच्या जातींपैकी एक तृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात असल्याचे 2021 च्या जागतिक मूल्यमापनात दिसून आले. वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने मुशी-पाकटांच्या आणखी काही जातींना संरक्षण दिले. मात्र बोटीवर जात ओळखणारा आणि लिहून ठेवणारा कोणी नसेल, तर ते संरक्षण कागदावरच राहील.

उपाय महागडे नाहीत. इंग्रजी जे अक्षरासारख्या गळाऐवजी गोल वाकाचा गळ वापरला की पाकट कमी अडकतात, हे भूमध्य समुद्रातल्या प्रयोगांत दिसले आहे. पाकट वरच्या थरात राहतो, म्हणून गळ 100 मीटरच्या खाली सोडले तरी फरक पडतो. अडकलाच, तर लांब दांड्याच्या कात्रीने दोरी तोंडाजवळ कापावी. मासाही वाचतो आणि खलाशाचा हातही.

यासाठी नवी संस्था उभारायची गरज नाही. 1946 मध्ये डीप सी फिशिंग स्टेशन म्हणून सुरू झालेले आजचे भारतीय मत्स्य सर्वेक्षण मुंबईतूनच काम करते आणि त्याची जहाजे स्वतः लाँगलाइन टाकतात. तांडेल आणि खलाशांना जाती ओळखायला शिकवणे त्याला सहज जमेल. खोल समुद्रातला परवाना देताना केंद्राने तीन अटी घालाव्यात: गोल गळ, बोटीवर दोरी कापायची कात्री आणि फेकलेल्या प्रत्येक माशाची जातवार नोंद. अनुदानाचा पहिला हप्ताही त्या नोंदवहीशी बांधावा. आणि बुलढाण्यासारख्या बिनकिनाऱ्याच्या जिल्ह्यांतल्या खासदारांनीही संसदेत या नोंदींचा हिशेब मागावा.