बिल चुकलं, पण चूक कुणाची?

माझा भाचा सौदीत, दम्मामला, एका बहुराष्ट्रीय कंपनीत सेल्समध्ये आहे. कंपनी पाण्याचे पंप आणि मोटारी विकते. ईदच्या मुबारकबादीला फोन लावला तर आवाज उतरलेला. खोदून विचारल्यावर म्हणाला, "मामू, माझं कमिशन रोखलंय. ऑर्डर सॉफ्टवेअरनं पास केली होती, पण जबाबदार मला धरलंय."

मी उर्दू-मराठी शिकवणारा मास्तर. मोटारी आणि सॉफ्टवेअर हा माझा प्रांत नाही. पण आपली कितीतरी मुलं आखातात सेल्समध्ये आणि पुण्यात आयटीत याच कामावर आहेत. म्हणून त्याच्याकडून समजून घेतलं, थोडं वाचलं आणि लिहायला बसलो.

आधी हे सॉफ्टवेअर काय करतं ते पाहू. आपल्या तालुक्याच्या बाजारात पंपाचं दुकान असतं. दुकानदार विचारतो, विहीर किती खोल? सिंगल फेज की थ्री फेज? पाइप किती इंची? मग पंप, स्टार्टर, केबल जुळवतो, भाव सांगतो, बिल करतो. हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. कंपनी वीस देशांत पसरली की असं एक डोकं पुरत नाही. म्हणून वस्तू जुळवणं, किंमत ठरवणं आणि दरपत्रक देणं हे काम सॉफ्टवेअरकडे जातं. त्याला सीपीक्यू म्हणतात. त्याच्या पुढे बिलिंगची प्रणाली जोडलेली असते.

आता भाच्याच्या ऑर्डरकडे येऊ. कुवेत, बहारीन, कतार, अमिरात इथली वीज आपल्यासारखी ५० हर्ट्झची. सौदीची मात्र ६० हर्ट्झची. ५० ची मोटार ६० वर लावली तर ती साधारण एक पंचमांश जास्त वेगानं फिरते आणि पंपाचा भार जवळजवळ पावणेदोन पट होतो. मोटार तापते, जळते. जुन्या पद्धतीत ऑफिसातल्या एका एक्सेल फाइलमध्ये लाल अक्षरात सूचना होती, 'सौदीसाठी ६० तपासा'. नवं सॉफ्टवेअर सुरू झालं त्या दिवशी ती फाइल बंद केली. नियम सॉफ्टवेअरमध्ये भरणारी मुलं पुण्यात, त्यांना यादी आली युरोपातून, आणि दम्मामच्या माणसाला त्या बैठकांना कुणी बोलावलंच नव्हतं. सॉफ्टवेअरनं ५० ची मोटार बिनदिक्कत पास केली.

तिथून गोष्ट बिलावर गेली. सौदीत ४ डिसेंबर २०२१ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. एकदा निघालेलं बिल पुसता येत नाही, बदलता येत नाही. दुरुस्ती क्रेडिट नोटनंच करावी लागते. व्हॅट १५ टक्के, शेजारी अमिरातीत ५. आपल्याकडेही जीएसटीचं ई-इन्व्हॉइस पोर्टलवर रद्द करायला २४ तासच मिळतात. म्हणजे वस्तू जुळवताना झालेली चूक दरपत्रकातून बिलात जाते, बिलातून कराच्या हिशोबात, आणि प्रत्येक पायरीवर महाग होते. जुन्या वहीत खाडाखोड चालायची, इथे चालत नाही.

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट नावाची कॉम्प्युटर कंपनी होती. तिच्या व्हॅक्स यंत्रांच्या ऑर्डरी अपुऱ्या यायच्या, कधी केबल राहायची, कधी भलताच भाग जायचा, आणि कंपनीला तो फुकट द्यावा लागायचा. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या जॉन मॅकडरमॉट यांनी १९७८ मध्ये त्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. पुढे तो एक्सकॉन म्हणून ओळखला गेला. १९८० मध्ये तो कारखान्यात कामाला लागला. १९८६ पर्यंत त्यानं ८० हजार ऑर्डरी तपासल्या, अचूकता ९५ ते ९८ टक्के. नियमांची संख्या सतत वाढत गेली. याचा अर्थ, नियम एकदा भरून भागत नाही. वस्तू बदलतात, देश बदलतात, तसे नियमही सतत भरावे लागतात आणि ते माहीत असलेल्या माणसांकडूनच यावे लागतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. १९९४ मध्ये लिन मार्कस आणि मार्क कील या अभ्यासकांनी स्लोन मॅनेजमेंट रिव्ह्यूमध्ये अशाच एका प्रोग्रामची हकिगत मांडली. कंपनीचं नाव त्यांनी बदललं होतं. विक्रेत्यांसाठी कंपनीनं वर्षानुवर्षं खर्च करून प्रोग्राम बनवला, सुधारला, तरी विक्रेते तो वापरेनात. कारण साधं होतं. त्यांना मोबदला मिळायचा विक्रीचा, अचूकतेचा नाही. अचूक ऑर्डर भरायला वेळ जायचा, आणि त्याचा फायदा दुसऱ्याच खात्याला व्हायचा.

भाच्याच्या कंपनीनं नेमकं उलट टोक गाठलं. अचूकतेचा मोबदला दिला नाही, चुकीचा दंड मात्र दिला. आणि चूक त्याची नव्हतीच.

सॉफ्टवेअर नको असं मी म्हणत नाही. वीस देशांचे कर, चलनं आणि भाषा कुणी वहीत सांभाळू शकत नाही. शिवाय मनमानी सवलत, ओळखीच्या गिऱ्हाइकाला वेगळा भाव, हे प्रकारही त्यामुळे आटोक्यात येतात. पण सॉफ्टवेअर घेण्याआधी एक गोष्ट लेखी ठरली पाहिजे, ती म्हणजे नियम चुकला तर भुर्दंड कुणाचा. आमच्या परीक्षेत प्रश्नच चुकीचा छापला गेला तर मुलांना त्याचे गुण देतात, नापास करत नाहीत. शाळेला जे कळतं ते एवढ्या मोठ्या कंपनीला का कळू नये?

कुरआनातली सर्वात लांब आयत नमाज-रोज्यांबद्दल नाही, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपण मशिदीत अनेकदा ऐकतो. लिहिणाऱ्यानं इन्साफानं लिहावं, हे आपल्या लक्षात राहतं. त्याच आयतीत लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला नुकसान पोहोचवू नये असंही बजावलंय, ते आपण विसरतो. आज लिहिणारं यंत्र आहे. यंत्राला नुकसान होत नाही, ते त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला होतं.

भाच्याला मी म्हटलं, "रडत बसू नकोस. त्या जुन्या फाइलमधली प्रत्येक लाल ओळ लिहून काढ. कोणत्या देशाला काय लागतं आणि सॉफ्टवेअरमध्ये काय नाही, ते तारखेसह मेल कर. कमिशन मागच, पण पुढच्या बैठकीत खुर्चीही माग."

तो म्हणाला, "मामू, सेल्सवाल्याला तिथे कोण बसवणार?"

पुण्यात बसून असे नियम भरणाऱ्या मुलामुलींना माझी तेवढीच विनंती आहे. युरोपातून यादी आली की कामाला लागण्याआधी एक फोन दम्मामला करा. तिथे एखादी लाल ओळ नक्की सापडेल.