सरासरीवर पेरणी होत नाही

दरवर्षी एप्रिलमध्ये पेपरात ठळक बातमी येते, 'यंदा पाऊस सरासरीच्या इतके टक्के.' २०२५ साली हवामान खात्याने आधी १०५ टक्के आणि मेअखेरीस १०६ टक्के सांगितला. प्रत्यक्षात देशात १०८ टक्के पडला. म्हणजे अंदाज जवळजवळ बरोबर! पण शेतकऱ्याला त्याचा उपयोग किती झाला?

ही सरासरी म्हणजे जून ते सप्टेंबरचा अख्ख्या देशाचा पाऊस, सुमारे ८७ सेंटिमीटर. वर्गाची सरासरी साठ टक्के आली म्हणून मागच्या बाकावरचा बंडू पास झाला, असं होतं का? त्याच वर्षी मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला आणि मग त्याची पुढची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत अडली. सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिकं गेली, कित्येकांची मातीसुद्धा खरवडून गेली. १०६ या आकड्यात यातलं काहीच नव्हतं.

निर्णय घेणारे म्हटलं की आपल्याला मंत्री आणि सचिव आठवतात. मला वाटतं, खरा अवघड निर्णय बांधावर होतो. पेरू की थांबू? पहिल्या सरींवर पेरलं आणि पावसाने ओढ दिली तर बियाणं वाया, दुबार पेरणीसाठी पुन्हा उसनवारी. फार थांबलं तर हंगाम हातचा जातो. म्हणूनच कृषी खात्याचा एक साधा सल्ला मला आवडतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. त्यात काय करायचं ते सांगितलेलं आहे.

२०२५ मध्ये केंद्राच्या कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोबाइलवर कळवलं, की तुमच्या भागात सलग पाऊस कधी सुरू होईल. मान्सून अडला तेव्हाही दर आठवड्याला नवा अंदाज जात राहिला. हे योग्य पाऊल आहे.

पण संदेश आला तरी शंका विचारायला माणूस लागतो. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये १९९ जिल्हा कृषी-हवामान कक्ष होते. 'फवारणी दोन दिवस पुढे ढकला', 'काढलेलं सोयाबीन झाकून ठेवा' अशा भाषेत अंदाजाचा अर्थ सांगणं हे त्यांचं काम. २०२४ मध्ये ते कक्ष बंद केले गेले. हे मला मुळीच पटत नाही. नवीन पुस्तकं छापायची आणि शिकवणाऱ्या मास्तरांना घरी पाठवायचं, त्यातली ही गत! उपग्रह आणि संगणकांवर एवढा खर्च होतो, मग प्रत्येक जिल्ह्यात दोन जाणती माणसं बसवणं का जड जावं?

असो. तुमच्यापैकी ज्यांची गावाकडे शेती आहे, त्यांनी जरूर लिहा: पेरणीचं तुमच्याकडे कोण ठरवतं, आणि कशावरून?